जांभळा रंग उतरताना

जांभूळ खाल्ल्यावर जीभ दिसते, तसा या फिल्मचा रंग आहे. काचेच्या चौकोनी तुकड्यावर पीबीटीटीटी नावाच्या पॉलिमरचा थर, जाडी केसाच्या जेमतेम हजाराव्या भागाइतकी. असे दोन तुकडे मी पिवळसर द्रावणाच्या दोन बाटल्यांत सोडले, एका बाटलीला फॉइल गुंडाळली आणि निळा दिवा लावला.

हे पॉलिमर मुळात वीज जवळजवळ वाहूच देत नाही. त्यातले काही इलेक्ट्रॉन काढून घेतले की वाहू लागते, हेच डोपिंग. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनवर आयोडीनने हे करून दाखवलं आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे आयोडीन असो की फेरिक क्लोराईड, रीत तीच राहिली : इलेक्ट्रॉन हिसकावणारं जबर रसायन आणायचं आणि मोजून घालायचं. माझी पीएचडीची वर्षं या मोजण्यातच गेली. कमी पडलं तर वीज अडते. जास्त झालं तर वापरून झालेले रेणू फिल्ममध्येच अडकतात आणि पॉलिमरच्या साखळ्यांची नीट लागलेली रांग विस्कटते. आमटीत मीठ जास्त पडलं की काढता येत नाही, तसंच.

या बाटलीत इलेक्ट्रॉन शेवटी जातो साध्या हवेकडे. ऑक्सिजनमध्ये एकट्याने तो ओढून घेण्याइतका जोर नाही. मध्ये अ‍ॅक्रिडिनियम हा उत्प्रेरक लागतो. उजेड पडला की तो पॉलिमरकडून इलेक्ट्रॉन घेतो, ऑक्सिजनच्या हवाली करतो आणि पुढच्या फेरीला मोकळा होतो. द्रावणातल्या लिथियमच्या क्षाराचा ऋण आयन फिल्ममध्ये शिरून तिथला भार सांभाळतो. स्वीडनच्या लिंशॉपिंग विद्यापीठातल्या सिमोने फाबियानो यांच्या गटाने २०२४ मध्ये ही पद्धत मांडली आणि ३,००० सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या वर वाहकता गाठली. मला त्या आकड्यापेक्षा दिव्याचं बटण मोलाचं वाटतं. डोपिंग किती, हे आता तराजूवर नाही, उजेड किती द्यायचा त्यावर ठरतं. तेही उघड्या टेबलावर, ग्लोव्हबॉक्सच्या जाड हातमोज्यांत बोटं अवघडून न घेता.

चिमट्याने उघड्या बाटलीतला तुकडा काढला, धुतला, पिवळेपणा निघून गेला. जांभळाही गेला होता. उरली होती आरपार दिसणारी फिकट निळसर राखाडी झाक. चार सुयांचा प्रोब टेकवला, प्रवाह वाहिला.

फॉइलमधला तुकडा मात्र होता तसाच जांभळा. मी फॉइल सोडली आणि दिवा पुन्हा लावला.