आरसा आणि आदर्श

आज दारव्ह्याच्या या मंडपात एक घरगुती शब्द उलगडू. आरसा! रोज त्याच्यासमोर उभे राहतो आपण, पण हा शब्द आला कुठून?

संस्कृतात आरशाला ‘आदर्श’ म्हणतात. ‘दृश्’ म्हणजे पाहणे. ज्यात आपलं रूप दिसतं तो आदर्श. हाच शब्द प्राकृताच्या तोंडी झिजत झिजत ‘आरसा’ झाला. आणि मूळचा आदर्श? तो मोठ्या जागी जाऊन बसला. आदर्श शिक्षक, आदर्श गाव! एका माउलीची दोन लेकरं, एक खुंटीला टांगलं, दुसरं सत्काराच्या खुर्चीवर.

आणखी दोन नावं आहेत. ‘ऐना’ फारसीतून आला. ‘दर्पण’ संस्कृतच, पण त्याच्या पोटात ‘दर्प’ आहे, म्हणजे गर्व. वस्तू एकच. स्वतःवर खूश व्हायला पाहिलं तर दर्पण, स्वतःला सुधारायला पाहिलं तर आदर्श.

आता गीतेकडे या. तिसऱ्या अध्यायाच्या ३८व्या श्लोकात भगवंतांनी दृष्टांत दिला: धुराने अग्नी झाकतो, मळाने आदर्श झाकतो, तसं कामाने ज्ञान झाकतं. तिथे आदर्श म्हणजे आरसाच. जुन्या काळी आरसे धातूचे असत. घासून घासून चकाकी आणायची. चार दिवस हात फिरवला नाही की काळे पडायचे. मळ साचला म्हणून आरसा नासत नाही, बापा! घासला की पुन्हा लख्ख. मनाचंही तसंच. पण घासायचं रोज, एकादशीच्या एकादशीला नाही.

आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबा होऊन गेले. दिवसा खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तनातून माणसांची मनं. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे. उत्तर देता देता माणसाला आपलंच तोंड दिसायचं. हा खरा आदर्श.

आपण काय करतो? संतांचा फोटो भिंतीवर लावतो, हार घालतो, हात जोडतो आणि निघतो. अहो, आरशाला हार घालून कुणाच्या तोंडाची काजळी गेली आहे का? त्यात पाहावं लागतं, आणि दिसलेला डाग आपल्याच हाताने पुसावा लागतो. आरशाची काच पुसून गालावरचा डाग जात नाही.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर संतांच्या फोटोसमोर घडीभर उभे राहा. मागणं मागू नका. फक्त विचारा, यांच्यापुढे मी कसा दिसतो?

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!