ओळख कामातूनच घडते
२००८मध्ये आयपीएल आणि २०१४मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून खेळाडूंखेरीज इतरांसाठीही क्रीडाक्षेत्रात कामाच्या संधी वाढल्या. या क्षेत्रात जम कसा बसतो, हे क्रिकेटच्या गुणलेखकाच्या वाटचालीवरून समजते.

क्रिकेटच्या नियमानुसार सामन्यासाठी दोन गुणलेखक असतात. प्रत्येक धावेची नोंद करून दोघांनी आपापल्या नोंदी वारंवार ताडून पाहायच्या असतात. त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या लगेच ध्यानात येते आणि त्याचा नेटकेपणाही. मुंबईत १९४८मध्ये सुरू झालेल्या, पावसाळ्यातल्या कांगा लीगसारख्या क्लब सामन्यांत नवोदिताला हा सराव मिळू शकतो. दिवसभर डोळ्यांत तेल घालून काम करावे लागते. पुढे क्रिकेट संघटनेची परीक्षा असते. परंतु पुढच्या सामन्यासाठी कोणाचे नाव सुचवायचे, हे पंच, आयोजक आणि शेजारी बसलेला सहकारी आधीच मनाशी ठरवत असतात. वशिल्याने फार तर पहिला सामना मिळतो. धावसंख्येचा मेळ बसला नाही, तर दुसरा मिळणे अवघड. मात्र, हे काम हंगामी असल्याने जम बसेपर्यंत शिक्षण किंवा नोकरी न सोडणेच श्रेयस्कर.