माणिकडोहवर लाट का फुटत नाही

आषाढात नाणेघाटाच्या कड्यावरून पाणी खाली पडायला निघतं, पण बरंचसं पाणी खाली पोचतच नाही. कोकणातून कड्याला धडकून वर चढणारा वारा त्याला काठावरच गाठतो, धारेच्या चिंधड्या करतो आणि तुषार उलटे पठारावर फेकतो. कड्यापासून चांगलं लांब उभं राहिलं तरी माणूस चिंब होतो. जुन्नरला येणारे पर्यटक हा ‘उलटा धबधबा’ मोबाइलमध्ये टिपून परततात. मला मात्र या वाऱ्याच्या आधीच्या प्रवासाचं अधिक कुतूहल आहे. कड्यावर आदळण्यापूर्वी तो अरबी समुद्राच्या हजारो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आलेला असतो आणि वाटेत त्याने डोंगराएवढी ऊर्जा पाण्याला देऊन टाकलेली असते. सातवाहनांच्या काळात याच वाऱ्यांच्या भरवशावर पश्चिमेची जहाजं कोकणच्या बंदरांना लागत आणि त्यांचा माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येई.

वाऱ्याने पाण्याला दिलेल्या याच ऊर्जेतून लाटा उठतात आणि त्यांच्यावर फळी घेऊन स्वार होण्याचा खेळ म्हणजे सर्फिंग. ऑगस्ट २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली. तिथे रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. २०२६ च्या आशियाई खेळांतही सर्फिंगचा समावेश झाला आहे. अशा बातम्या आल्या की धरणांच्या तालुक्यांत एक प्रश्न हमखास निघतो: माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी कुकडी प्रकल्पाची पाच-पाच धरणं जुन्नर-आंबेगावात आहेत, पाणी भरपूर आहे, पावसाळ्यात वाराही झोडपून काढतो, मग हा खेळ आपल्याकडे का होऊ नये? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर पाण्यात नसून वाऱ्याला मिळणाऱ्या धावपट्टीत आहे.

लाट पुढे येते तेव्हा पाणी पुढे येत नाही. खोल पाण्यावर पडलेलं पान नीट पाहिलं तर लाट खालून जाताना ते वर उचललं जातं, जरा पुढे सरकतं, खाली येतं आणि जवळजवळ मूळ जागी परततं. पाण्याचा प्रत्येक कण गोल फिरून तिथेच राहतो, पुढे जाते ती ऊर्जा. ही ऊर्जा पाण्यात किती भरली जाणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून वाहिला. या तिसऱ्या गोष्टीला धरणाचे अभियंते ‘फेच’ म्हणतात. भिंतीची उंची ठरवताना त्यांना हा फेच मोजावाच लागतो, कारण वाऱ्याने उठलेल्या लाटा भिंतीवरून उसळू नयेत एवढी मोकळी उंची वर राखायची असते. मातीच्या धरणाच्या पाण्याकडच्या उतारावर दगडांचं पिचिंग दिसतं, तेही याच लाटांपासून माती वाचवण्यासाठी. सर्फर ज्याच्या शोधात जगभर फिरतो, त्याच्यापासून धरण राखण्यात अभियंत्याची अक्कल पणाला लागते.

आता आकडे घालून पाहू. समजा, जलाशयावर वाऱ्याला सरळ ५ किलोमीटर मोकळं पाणी मिळालं आणि ताशी ३६ किलोमीटरचा सणसणीत वारा सुटला. समुद्रविज्ञानातली नेहमीची सूत्रं लावली, तर साधारण सव्वा तासात तिथल्या लाटा वाढायच्या थांबतात. तेव्हा त्यांची उंची जेमतेम ३५ सेंटिमीटर असते, एकीमागून दुसरी लाट सव्वादोन सेकंदांत येते आणि दोन माथ्यांमधलं अंतर आठ मीटरच्या आसपास असतं. मग वारा रात्रभर वाहिला तरी फरक पडत नाही. पलीकडचा काठ आला की खेळ संपला. अशा लाटेत होडी हेलकावे खाईल, काठाची माती धुपेल, पण माणसाला पेलून नेणारा पाण्याचा उतार काही तयार होणार नाही.

समुद्रात वाऱ्याला असा काठ लवकर लागत नाही. वादळाच्या पट्ट्यात छोट्या-मोठ्या लाटांचा नुसता कल्लोळ असतो. तिथून बाहेर पडताना लांब लाटा वेगाने पुढे जातात आणि आखूड लाटा मागे पडतात. चौदा सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी तीनशे मीटर भरते आणि तिचा माथा ताशी ७८ किलोमीटरने धावतो, ऊर्जा मात्र त्याच्या निम्म्या वेगाने सरकते. शेकडो किलोमीटर गेल्यावर कल्लोळाची नीट चाळणी होते आणि एकसारख्या, गुळगुळीत, दमदार लाटांच्या रांगा उरतात. सर्फर मंडळी याला ‘स्वेल’ म्हणतात. केरळच्या किनाऱ्यावर कधीकधी वारा नसताना समुद्र घरात शिरतो. तिथले कोळी त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. त्या लाटा अंटार्क्टिकाकडच्या हिंदी महासागरात काही दिवसांपूर्वी उठलेल्या असतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता त्यांचा आगाऊ इशारा देते.

एवढ्या लांबून लाट येते हे कळलं कसं? इथे गोष्ट पुन्हा जुन्नर तालुक्यात येते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातली रेडिओ लहर एका तबकडीवर आधी आणि दुसरीवर क्षणाच्या अतिसूक्ष्म भागाने नंतर पोचते. त्या फरकावरून लहर कोणत्या दिशेने आली ते कळतं. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन क्लेमेंटे बेटापाशी समुद्रतळावर दाबमापकांचा त्रिकोण मांडला, तोही याच तत्त्वावर. वरून लाट गेली की तळावरचा दाब किंचित वाढतो. तीन मापकांवरच्या वेळांच्या फरकावरून दिशा मिळाली आणि लांब लाटा आधी, आखूड लाटा नंतर येण्यातल्या अंतरावरून वादळ किती दूर होतं ते मिळालं. काही लाटांचा माग थेट दक्षिण हिंदी महासागरापर्यंत पोचला. अर्धी पृथ्वी ओलांडून त्या अमेरिकेला लागल्या होत्या. खोडदला सहलीला जाणाऱ्या शाळकरी मुलांना ताऱ्यांबरोबर ही गोष्टही सांगायला हवी.

लाट लांबून आली तरी ती फुटायला हवी. पाणी उथळ होत गेलं की लाटेचा पाय तळाला अडखळतो आणि ती मंदावते. दोन मीटर खोलीवर तिचा वेग ताशी सोळा किलोमीटरपर्यंत उतरतो. मागची ऊर्जा पुढे दाटते, माथा उंचावतो आणि उंची खोलीच्या पाऊणपटीच्या पुढे गेली की तो कोसळतो. कोसळण्याआधीचा तो काही क्षणांचा उतार म्हणजे सर्फिंगचं मैदान. त्याला हळूहळू उथळ होणारा तळ लागतो. आपली धरणं डोंगरांच्या घळीत बांधलेली, त्यांचे काठ बहुतेक ठिकाणी झपकन खोल जातात. म्हणजे माणिकडोहला लांब लाट मिळत नाही आणि मिळाली असती तरी तिला फुटायला नीट जागा मिळाली नसती.

पण या खेळाच्या घराण्यात दुसरा एक भाऊ आहे, स्टँड-अप पॅडल, म्हणजे फळीवर उभं राहून वल्हवणं. आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटना त्याची जागतिक सांघिक स्पर्धा भरवते. त्यात देशादेशांचे संघ गुण जमवतात आणि एक सांघिक रिलेही असते. रिलेत कुणी फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मारतं, कुणी उभ्याने वल्हवतं. २०१७ मध्ये ही स्पर्धा डेन्मार्कला झाली तेव्हा लाटांवरचे सामने पश्चिम किनाऱ्यावर ठेवले होते आणि काही शर्यती राजधानी कोपनहेगनमध्ये. प्रत्येक शर्यतीला फुटणाऱ्या लाटांची गरज नसते, हे त्या मांडणीतच दिसतं.

शांत पाण्यातही लाटेपासून सुटका नाही, कारण ती स्पर्धक स्वतःच उठवतो. शर्यतीची फळी चौदा फुटांची, म्हणजे सव्वाचार मीटरची. ताशी नऊ किलोमीटर वेग गाठला की तिच्या मागे उठणाऱ्या आडव्या लाटांच्या दोन माथ्यांत चार मीटरचं अंतर पडतं. म्हणजे एक माथा नाकापाशी, दुसरा शेपटीपाशी आणि मधल्या खळग्यात फळी. आणखी वेगाने जायचं तर आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो आणि त्या चढावर दमच उखडतो. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूडने इंग्लंडमध्ये जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पाण्यात ओढून हे गणित मांडलं. दहा फुटांच्या फळीला हीच अडचण ताशी आठ किलोमीटरच्या अलीकडेच येते. म्हणून शर्यतीत लांब, अरुंद फळी लागते. राज्यातल्या अनेक धरणांवर ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकणारे मच्छीमार दिसतात. ट्यूब माणसाला उत्तम तोलते, पण तिला नाकही नाही आणि शेपूटही नाही, त्यामुळे ती पाणी कापत नाही, ढकलत राहते.

खरी गंमत मागच्या स्पर्धकाची. पुढच्याने उठवलेल्या माथ्याच्या पुढच्या उतारावर त्याने आपली फळी बरोबर नेऊन ठेवली, तर तो उतार त्याला पुढे लोटतो आणि कमी श्रमात तोच वेग राहतो. नियमांत याला मुभा आहे, मात्र आपल्याच गटातल्या स्पर्धकामागे. थोडक्यात, सपाट जलाशयावरही कसलेला वल्हेकरी सर्फिंगच करत असतो. त्याची लाट पुढच्या माणसाने घडवलेली असते, एवढाच फरक.

अशा वल्हवण्यासाठी आपल्याकडची सोयीची वेळ म्हणजे हिवाळ्यातली सकाळ. उन्हं चढली की डोंगरउतार तापतात, दऱ्यांतून वारा वर सरकू लागतो आणि पाणी खरबरीत होतं. भर पावसाळ्यात तर उतरूच नये. धरणात येणारा लोंढा गढूळ असतो, झाडं-ओंडके वाहून आणतो आणि सांडव्याजवळची ओढ वरून दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरतं तेव्हा जुने खुंट पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात आणि फळीखालची पाती, म्हणजे फिन, त्यात अडकते. लाइफ जॅकेट तर बाराही महिने हवं.

डिंभ्याला, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराला, आणखी एक गोष्ट आधी पाहावी लागेल. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं गाव या पाण्याखाली गेलं. जमिनी गेलेल्या महादेव कोळी कुटुंबांनी पुढे याच जलाशयात सहकारी संस्था काढून मासेमारी उभी केली. त्यांची जाळी संध्याकाळी पडतात आणि सकाळी निघतात, आणि शर्यतीला सोयीचं शांत पाणीही नेमकं सकाळचंच. म्हणून शर्यतीचे बोये कुठे टाकायचे, कोणता भाग मोकळा सोडायचा आणि सुरुवात किती वाजता करायची, हे त्यांच्याबरोबर बसून त्यांच्या सोयीनेच ठरवायला हवं. कोणत्या दिवसांत, दरीच्या कोणत्या तोंडावर वारा कधी उठतो, हेही त्या पाण्यावर रोज असलेल्या या लोकांनाच सर्वांत आधी विचारावं.