तबला घरी नसला तरी

लेकीला तबला शिकायचाय, पण घरात तबला नाही, मग क्लास कशाला, असं बैठकीत बऱ्याच जणी म्हणतात. वाद्य लागतंच, पण पहिल्या दिवसापासून नाही.

तबला आधी तोंडाने आणि टाळीने शिकायचा असतो. तीनताल घ्या. त्यात 16 मात्रा, चार-चार मात्रांचे 4 भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्यायची. नवव्या मात्रेला टाळी नाही, नुसता हात बाजूला न्यायचा. तिला ‘खाली’ म्हणतात. तोंडाने बोल म्हणत हे रोज करायचं. लय अंगात बसली की पुढे बोटांना सोपं जातं.

नंतर मात्र हात रोज वाद्यावर बसायला हवा. आठवड्यातला एक तास पुरत नाही. गावात भजनी मंडळाचा तबला असेल, तर दुपारी तो झाकूनच ठेवलेला असतो. गटाने मिळून मागा. वेळ ठरवा, मुलांपाशी एक बाई बसेल असं सांगा. मुलींनाही मुलांइतकाच वेळ मिळेल, हे आधीच ठरवून घ्या.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ‘प्रारंभिक’पासून सुरू होतात. आपल्या बोर्डात शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यासाठी किती परीक्षा लागतात, अर्ज कधी करायचा, हे आठवीतच शाळेत विचारून ठेवा.

येत्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.