पट्टीखालचा रंग

गेली वीस वर्षे मी मुलांना समासाचा विग्रह करायला शिकवीत आलो आहे. जोडलेले पद न दुखावता सोडवायचे आणि पुन्हा जसेच्या तसे जोडायचे, यात माझा हातखंडा आहे, असे निदान माझे मत होते. ते मत अप्पांच्या मारुतीने एका दुपारी, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पार पुसून टाकले.

अप्पांची मारुती ८०० ही २००३ सालची. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी ती घेतली. या जातीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आमची गाडी आता खुंटलेल्या वंशातली. पंधरा वर्षांनी तिची नोंदणी वाढवून घेतली, पुढे पाच वर्षांनी पुन्हा वाढवली. पण यंदाच्या पावसाळ्यात दारांवरच्या काळ्या पट्ट्यांखालून तांबूस ओघळ दिसू लागले आणि घरात दोन पक्ष पडले. “पत्रा कुजला असेल तर गाडी भंगारात,” असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे. अप्पांचे म्हणणे काहीच नव्हते. ते फक्त त्या रात्री एक पोळी कमी जेवले. अखेर तह झाला : पट्ट्या काढून पाहायचे, पत्र्याला भोक पडले असेल तर गाडी जाईल, नुसता वरवरचा गंज असेल तर राहील.

या पट्टीला गॅरेजवाले ‘बीडिंग’ म्हणतात. दारावर दुसऱ्याचे दार आपटू नये म्हणून ती लावायची. पण तिच्या मागे धूळ साठते, धुळीत पाणी मुरते, आणि जी रक्षणाला ठेवली तीच आतून पत्रा खाऊ लागते. (आमच्या महाविद्यालयातल्या काही समित्यांची मला येथे आठवण झाली, पण ते असो.)

आमच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपने बसवलेल्या होत्या. ही टेप ओढून काढायची नसते. ओढली तर पट्टी वाकते, प्रसंगी रंगही सोलून येतो. आधी पट्टीच्या वरच्या कडेला मास्किंग टेपची रेघ लावून घ्यावी, म्हणजे परत बसवताना ती तिरपी होत नाही. मग केस वाळवण्याचे यंत्र सारखे फिरवीत पट्टी हाताला सोसवेल इतकी गरम करावी. ऑक्टोबरच्या उन्हाने आमचे निम्मे काम आधीच केले होते. डिंक मऊ झाला, की मासे पकडायची नायलॉनची दोरी पट्टीमागे घालून करवतीसारखी मागेपुढे ओढावी. पट्टी अलगद हातात येते. मागे राहिलेला डिंक रॉकेलच्या फडक्याने आणि अंगठ्याने घासून काढावा. थिनर लावू नये, तो डिंकाबरोबर रंगही नेतो.

तीन दारे निर्धोक निघाली. त्या यशाने मी चढून गेलो आणि बंपरच्या कोपऱ्यात साचलेला चिखल दिसताच तोही सोडवायला घेतला. तेथे एक क्लिप होती. तिच्या मधली खुंटी आधी वर उचलायची, मग क्लिप काढायची, हे मला ठाऊक नव्हते. मी स्क्रूड्रायव्हर घातला, जोर केला, आणि ‘कट्’ असा आवाज आला. क्लिप गेलीच, बंपरचा पत्र्यात अडकणारा कानही गेला. खुर्चीवर काठी धरून बसलेल्या अप्पांना हल्ली नीट दिसत नाही. पण ऐकू उत्तम येते.

“काय मोडलं रे?”

“काही नाही, अप्पा.”

“मग जोड,” ते म्हणाले.

जोडणे सोपे नव्हते. बंपरच्या आतल्या बाजूस कोनकंसात ‘पीपी’ अशी अक्षरे होती, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. १९५४ साली मिलानच्या जूलिओ नात्ता यांनी ज्याचा सुव्यवस्थित रेणू घडवला आणि ज्यासाठी १९६३ साली कार्ल त्सिग्लर यांच्याबरोबर नोबेल मिळवले, तेच हे प्लॅस्टिक. त्याला साधा डिंक धरत नाही. बाजारातला झटपट चिकटणारा द्रव त्यावरून पापुद्र्यासारखा सुटून येतो. शेवटी कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सोल्डरिंगच्या इस्त्रीने त्याच जातीच्या प्लॅस्टिकचा तुकडा वितळवून कान जोडून दिला. क्लिपसाठी मोडका नमुना खिशात घालून नाना पेठेत गेलो. दुकानदाराने तो बोटांत फिरवून मूठभर क्लिपा पुढे टाकल्या. जुन्या क्लिपा ठिसूळ होतात. त्या वाचवण्याच्या भरीस पडू नये, नव्याच घ्याव्यात.

आता चौथे दार. मागचे डावे. पट्टी निघाली आणि तिच्याखाली रुपयाएवढा गंजाचा डाग दिसला. मी स्क्रूड्रायव्हरचे टोक त्यावर टेकवले. सौभाग्यवती वर गॅलरीत उभ्या होत्या. दाबले, आणखी दाबले. टोक आत गेले नाही. दाराच्या तळाची पाणी जाणारी भोके मात्र मातीने बुजलेली होती. ती तारेने मोकळी केली. डाग पॉलिशपेपरने घासला, प्रायमर दिला, रंगाचा हात फिरवला.

पट्ट्या परत बसवण्यापूर्वी अप्पा उठून आले. इतर सगळी गाडी उन्हाने विटली होती. पट्टीखालची दोन बोटे रुंद रेघ तेवढी २००३ सालची, गडद निळी राहिली होती. त्यांनी डोळे जवळ नेले, मग नाद सोडून त्या रेघेवरून बोट फिरवले.

“तुझ्या आईने निवडलेला रंग,” ते म्हणाले. “मला पांढरी हवी होती.”

मी नवी टेप लावली आणि पट्टी मास्किंग टेपच्या रेघेला धरून दाबून बसवली. टेपची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. तोवर गाडी धुवायची नाही. अप्पांनी वॉचमनलाही तसे दोनदा बजावले आहे. भाऊबीजेला साताऱ्याला आत्याकडे जायचे ठरले आहे. गाडी मी चालवायची आणि पन्नासाच्या वर न्यायची नाही, अशी त्यांची अट आहे.