पुण्याच्या बंबाचा माग

27 फेब्रुवारी 1828 रोजी शनिवारवाड्याला आग लागली आणि जवळजवळ आठवडाभर ती धुमसत राहिली. पेशवाई बुडून दहा वर्षे झाली होती. सागवानी खांब, तुळया, नक्षीदार छते सगळे जळाले. तट, दरवाजे आणि जोती तेवढी राहिली. या आगीबद्दल पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या हळहळ व्यक्त होते, पण ती विझवायला काय साधन होते याची चौकशी फारशी कोणी करत नाही. मला तीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जुन्या बंबाची कथा सांगायची तर सुरुवात बंब नव्हता त्या काळापासूनच करायला हवी.

पाणी होते. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने ते शहरात आणले होते आणि काळा हौद, फडके हौद, बदामी हौद असे हौद पेठापेठांतून भरत होते. त्या पाण्याला उंची मात्र नव्हती. ते घागरीने, कळशीने, पखालीने उचलून न्यायचे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पेटल्या तुळईवर हाताने फेकायचे. वाड्यांची गंमत अशी की भिंती विटा-मातीच्या आणि सांगाडा लाकडाचा. आग खांबातून तुळईत, तुळईतून शेजारच्या वाड्यात शिरायची. तिथे शेजारीपाजारी आणि तालमीतली पोरे हाताला येईल ते घेऊन धावत. युरोप-अमेरिकेत अशाच धावणाऱ्या माणसांची रीतसर स्वयंसेवी दले झाली. आपापले जुने बंब ती आजही घासूनपुसून मिरवणुकीत आणतात. पुण्यात ती माणसे होती, पण त्यांची नावे कुठल्या दप्तरात चढली नाहीत.

1857 साली नगरपालिका आली. 1879 च्या मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा एकाच सुमारास पेटले. बुधवारवाडा गेला, विश्रामबाग अर्धामुर्धा वाचला. पुढे त्याच विश्रामबागवाड्यात नगरपालिकेची कचेरी थाटली गेली. तिकडे मुंबईत 1887 मध्ये अग्निशमन ही पालिकेची जबाबदारी ठरली. तिथे आधी घोड्यांनी ओढलेले वाफेचे बंब होते आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारीचा बंब आला.

या बदलाचे मोल यंत्र समजून घेतले की कळते. वाफेच्या बंबाला आधी बाष्पक तापवावा लागे. घोडे दौडत असतानाच खाली जाळ पेटवायचा, म्हणजे पोहोचेपर्यंत दाब तयार. पेट्रोलच्या इंजिनाने ही वाट पाहणे संपवले. पण त्याच्या केंद्रोत्सारी पंपाची एक अडचण होती: त्याला हवा ओढता येत नाही. सक्शनची जाड नळी विहिरीत किंवा हौदात सोडायची, आधी आतली हवा काढून घ्यायची, मगच पाणी चढते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला फार तर दहा मीटरवर चढवू शकतो. पुणे 560 मीटर उंचीवर, म्हणून इथे त्यातला अर्ध्या मीटरहून अधिक भाग आधीच गेलेला. प्रत्यक्षात पाणी सुमारे सात मीटरच्या आत असेल तरच पंप नीट चालतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की उत्तम बंबही उभा राहून जाई. खडकवासला धरणाच्या पाण्याचे नळ आले आणि हायड्रंटचा आधार मिळाला. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, तेव्हा तो आधारही एका सकाळीत तुटला.

जुन्या बंबावर बसायला बंद खोली नसे. जवान दोन्ही बाजूंच्या फळीवर उभे राहत, पितळी दांडी धरून. वर्दी आली की घंटा हाताने वाजवत गाडी निघे आणि वळणावर तोल सांभाळणे हा तांडेलापासून (जवानांच्या म्होरक्यापासून) नव्या फायरमनपर्यंत सगळ्यांच्या कसबाचा भाग असे. लोक त्या पितळेच्या चकाकीवर भाळतात. मला मात्र फळीवर पाय रोवून उभे राहिलेले जवान आठवावेसे वाटतात.

असा एक बंब दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. 1914 साली इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या जॉन मॉरिस अँड सन्सने तो निजाम स्टेट रेल्वेसाठी बांधला. याच रेल्वेचे रूळ मनमाडहून औरंगाबाद, जालना, नांदेड असे मराठवाड्यातून जात, म्हणून तो मला परका वाटत नाही. जुन्या मोटारींच्या रॅलीत तो स्वतःच्या इंजिनावर धावला आहे.

पुण्यातही एरंडवण्यात केशवराव जगताप यांच्या नावाने अग्निशमन संग्रहालय उभे आहे. देशातले अशा तऱ्हेचे पहिले म्हणून ते ओळखले जाते. आज महापालिकेकडे ‘देवदूत’ नावाच्या बचाव गाड्या आहेत, उंच शिड्या आहेत, आणि तरीही 2021 मध्ये कॅम्पातला फॅशन स्ट्रीट बाजार एका रात्रीत जळाला, 2023 मध्ये भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये आग भडकली. आगी थांबलेल्या नाहीत, म्हणून जुन्या बंबांचा धडाही जिवंत ठेवायला हवा. जुन्या यंत्रांचे जतन म्हणजे रंग देऊन दारात उभे करणे एवढेच मानले तर पंप गंजतो, चामड्याचे वॉशर वाळतात आणि यंत्राचा फक्त सांगाडा उरतो. खऱ्या जतनाला निमित्त हाताशीच आहे. मुंबई गोदीच्या 1944 च्या स्फोटात 66 अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात जुना पंप खरोखर चालवावा, शाळेच्या मुलांच्या हाती नोझल द्यावे, आणि निवृत्त चालक-तांडेलांना शेजारी बसवून कुठला बंब कुठल्या पेठेतल्या बोळात अडला, कुठल्या विहिरीवर चालला, हे त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्यावे. हे काम महापालिकेने या एप्रिलपासून सुरू करावे.