रुमालाखालची दस्तुरी

वाशीच्या बाजारात अडत्या आणि गिऱ्हाईक एका रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवीत आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना त्या दोन हातांत काय चालले आहे ह्याचा थांग लागत नसे. ते दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला भाड्याची खाजगी विमाने मिळवून देणाऱ्या दलालांचा धंदा समजण्यास फारसा वेळ लागू नये. संपादकांनी मला ह्या विषयावर पाठविले ते मात्र निराळ्या समजुतीने. त्यांना गालिचे, चांदीचे पेले आणि नटनट्या अपेक्षित होत्या. मला मिळाली ती विलेपार्ल्याच्या पूर्वेस औषधांच्या दुकानावरची एक लहानशी खोली, तीत तीन मोबाइल, एक जुना संगणक, लाल कापडी बांधणीची चोपडी, आणि ह्या साऱ्या पसाऱ्यात बसलेले, पंचावन्नीच्या आसपासचे, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातले एक गृहस्थ, ज्यांनी हजारो लोकांना विमानात बसविले असले तरी स्वतः भाड्याच्या विमानात आजवर पाऊल ठेवलेले नाही.

ह्या धंद्याची वंशावळ लंडनची आहे आणि ती थोडक्यात आटोपण्यासारखी आहे. थ्रेडनीडल रस्त्यावरच्या ज्या कॉफीगृहात १७४४ च्या सुमारास जहाजांचे कप्तान आणि सावकार जमत, त्यातूनच पुढे बाल्टिक एक्स्चेंज उभे राहिले. दिलेला शब्द म्हणजेच करारनामा, हे तिथल्या दलालांचे ब्रीद. जहाजाच्या भाड्यावर शेकडा अमुक अशी दस्तुरी घेण्याचा तिथला रिवाज विमानांनाही लागू पडला, बर्लिनला वेढा पडला असताना ब्रिटनमधल्या खाजगी विमानांनीही धान्य आणि कोळसा वाहिला, आणि १९४९ साली विमान-दलालांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. आमच्याकडे ‘दलाल’ अरबीतून आला, ‘दस्तुरी’ फारसीतून. गोष्ट मात्र ह्या दोन्ही शब्दांच्या आधीपासूनची असावी.

गृहस्थांनी चोपडी उघडली आणि मला एक हिशेब घालून दाखविला, जो ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. विमानाचे भाडे तासावर असते, आणि तास मोजावयाचा तो चाकांखालची खुंटी काढल्यापासून पुन्हा खुंटी लागेपर्यंत. एका कारखानदारास लातूरला जाऊन परत यावयाचे आहे. सात-आठ माणसांचे दोन पंख्यांचे किंग एअर विमान जाण्यास सव्वा तास आणि येण्यास तितकाच वेळ घेते असे धरू, आणि समजावयास सोपे म्हणून ताशी दर एक लाख धरू. विमान मुंबईतच उभे असेल तर भाडे झाले अडीच लाख. पण तेच विमान दिल्लीहून आणावयाचे आणि काम झाल्यावर दिल्लीस पोचते करावयाचे, तर जाण्यायेण्याचे पाच तासही गिऱ्हाइकाच्याच खात्यावर पडतात, आणि आकडा साडेसात लाखांवर जातो. आता दस्तुरी शेकडा पाच. पहिल्या विमानात दलालाला साडेबारा हजार, दुसऱ्यात साडेसदतीस हजार.

“म्हणजे जवळचे विमान शोधण्याची जितकी मेहनत करावी तितकी कमाई कमी,” मी म्हणालो.

“साहेब, मेहनत म्हणू नका. फोन म्हणा. चौदा फोन करून मी माझे पंचवीस हजार घालवले, असे माझी बायको म्हणते.”

आणि तरीही हे गृहस्थ ते चौदा फोन करतात, ह्याचे मला मोठे कौतुक वाटले. ते का करतात ह्याचे उत्तर मात्र त्यांच्या सज्जनपणात जितके आहे तितकेच त्यांच्या चोपडीत आहे. तीत गिऱ्हाइकांची नावे नाहीत, विमानांची ठिकाणे आहेत. कोणते विमान सकाळी कुणाला पुण्यास सोडून परवापर्यंत तिथेच उभे राहणार, कोणते रुग्णाला घेऊन हैदराबादेस गेले आणि रात्री रिकामे परतणार, कोणते दुरुस्तीसाठी बसले आहे, ह्याची नोंद ते रोज सकाळी चहापूर्वी करतात. खरी मिळकत त्या रिकाम्या फेरीत आहे. परतीचे पैसे पहिल्या गिऱ्हाइकाने आधीच भरलेले असल्यामुळे त्या फेरीतून येईल तो पैसा विमानवाल्याला वरकडच असतो, तो म्हणतो, “मला नेट दीड द्या, वरचे तुमचे.” मग दलाल सव्वादोनला ती फेरी विकतो, गिऱ्हाईक स्वस्तात सुटल्याच्या आनंदात असतो, आणि पाऊण लाख रुमालाखाली राहतात. इथे शेकडेवारी संपली; इथे दलाल हा दलालही राहिला नाही, तो घाऊक घेऊन किरकोळ विकणारा दुकानदार झाला, आणि गिऱ्हाईक मात्र त्याला अजून आपला मुखत्यार समजून सल्ला विचारीत असतो.

पुन्हा हा दलाल साखळीतला शेवटचाच असेल असेही नाही. कारखानदाराचा चिटणीस पंचतारांकित हॉटेलातल्या कुणाला विचारतो, तो दिल्लीतल्या दलालाला, तो पार्ल्यातल्या ह्या खोलीला. प्रत्येक जण आकड्यावर थोडे थोडे चढवितो, आणि शेवटी एकाच विमानाचे तीन निरनिराळे भाव एकाच गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर येऊन पोचतात. गिऱ्हाइकाला वाटते, तीन विमाने मिळताहेत.

इथपर्यंत गंमत आहे; पुढचे मला गमतीचे वाटत नाही. विमानवाल्याला भाडे घेण्यास सरकारी परवाना लागतो, त्याचे वैमानिक किती तास जागे राहतील ह्यावर निर्बंध असतात. दलालाला मात्र परवाना लागत नाही, मोबाइल पुरतो. कंपनीने स्वतःच्या वापरासाठी घेतलेले विमान भाड्याने देणे बेकायदेशीर आहे, पण ते स्वस्त पडते, आणि स्वस्त पडते म्हणून दलालाच्या वरकडीस अधिक जागा राहते. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फ्रान्समधल्या नांतहून कार्डिफला निघालेले एक इंजिनाचे विमान इंग्लिश खाडीत कोसळले आणि त्यात फुटबॉलपटू एमिलियानो साला आणि वैमानिक दोघेही गेले. वैमानिकाकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नव्हता, रात्री उडण्याची पात्रताही नव्हती. हे उड्डाण जुळवून देणाऱ्यास २०२१ साली न्यायालयाने दीड वर्षाची सजा दिली. अमेरिकेने २०१८ साली नियम केला की दलालाने आपण कुणाच्या वतीने बोलतो आणि विमान कुणाचे आहे हे गिऱ्हाइकास सांगितले पाहिजे. नियम वाचताना मनात येते ते एवढेच, की ही गोष्ट सांगावयास नियम करावा लागला.

गृहस्थांपुढे मी हे मांडले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. विमानाच्या परवान्याची प्रत ते आधी मागवून घेतात, आणि त्यापायी एक जुने गिऱ्हाईक तुटले. त्यांची गाऱ्हाणी निराळी होती: एकदा गाठ घालून दिली की विमानवाला आणि गिऱ्हाईक पुढच्या खेपेस परस्पर जुळवून घेतात, आणि एका निवडणुकीत उधारीवर दिलेल्या हेलिकॉप्टरचे पैसे उमेदवार पडल्यामुळे अद्याप आलेले नाहीत. तेव्हापासून सगळी रक्कम आगाऊ.

आम्ही बोलत होतो तोच लातूरचा फोन आला. कारखानदार सभेत अडकले होते, वैमानिक धावपट्टीवर वाट पाहत होता, आणि तिथे रात्री उडण्याची सोय नसल्यामुळे सूर्यास्तापूर्वी निघाले नाही तर मुक्काम, मुक्कामाचे भाडे, आणि मुंबईत उतरण्याची मिळालेली वेळही हातची गेलेली. गृहस्थांनी भिंतीवरच्या पंचांगात सूर्यास्त पाहिला, घड्याळ पाहिले, चिटणिसाला अत्यंत गोड आवाजात “दादा, साहेबांना फक्त एवढंच सांगा, की अजून बेचाळीस मिनिटं आहेत” असे सांगितले, आणि फोन ठेवून चोपडीत त्या दिवसाच्या नोंदीपुढे दस्तुरीचा आकडा पेन्सिलीने लिहिला. शाईने ते विमान उतरल्यावर लिहितात.